पब्लिक हाउसिंग आणि अफोर्डेबल हाउसिंग: भाडं कशाला बांधलंय ते बघा

न्यूयॉर्कमध्ये एवढी ‘परवडणारी घरं’ बांधली जातायत, तरी ब्राँक्स आणि ब्रुकलिनमधल्या गरीब कुटुंबांना आपापली वस्ती का सोडावी लागते? हा प्रश्न मला मराठी ओळखीच्यांकडून सतत येतो. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागची समजूत चुकीची आहे. आपल्याकडच्या बातम्यांत आणि गप्पांत पब्लिक हाउसिंग आणि अफोर्डेबल हाउसिंग या दोन्हींचं ‘गरिबांसाठी सरकारी घरं’ असं एकच भाषांतर होतं आणि घोळ तिथेच सुरू होतो. मी क्वीन्समध्ये राहते, शेजारपाजारच्यांना घरांचे अर्ज भरून देते आणि हा घोळ इतक्यांदा निस्तरला आहे की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

पब्लिक हाउसिंग, म्हणजे सरकारच्या मालकीची भाड्याची घरं, तुम्ही पडद्यावर तरी पाहिलेली असतात. विटांच्या एकसारख्या उंच इमारती, मध्ये थोडी झाडं, बाहेर बाक. ही घरं चालवणारी न्यूयॉर्क सिटी हाउसिंग ऑथॉरिटी, जिला इथे सगळे ‘नायचा’ म्हणतात, १९३४ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली वसाहत १९३५ मध्ये लोअर ईस्ट साइडला उघडली. आज तिच्याकडे पावणेदोन लाखांच्या आसपास घरं आहेत. बंद लिफ्ट, गळकी छतं, ऐन थंडीत गार पडलेले रेडिएटर या तक्रारी खऱ्या आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पैशातून अशी घरं वाढवायलाही वाव नाही, कारण १९९८ च्या फेअरक्लॉथ कायदादुरुस्तीने प्रत्येक शहराच्या पब्लिक हाउसिंगच्या संख्येवर कमाल मर्यादा घातली.

अफोर्डेबल हाउसिंग वेगळ्या वाटेने येतं. ते खासगी बिल्डर किंवा ना-नफा संस्था बांधते. सरकार करसवलत देतं, स्वस्त कर्ज देतं किंवा जास्त बांधकामाची परवानगी देतं आणि त्या बदल्यात काही घरं ठरावीक भाड्याने, ठरावीक उत्पन्नाच्या लोकांना द्यायची अट घालतं. देशभर यातली मोठी योजना म्हणजे १९८६ च्या करकायद्यातून आलेलं टॅक्स क्रेडिट, म्हणजे करातली थेट सूट. न्यूयॉर्कमध्ये घरांसाठी ऑनलाइन अर्ज भरायचा आणि मग सोडत निघते.

‘मालक सरकारी की खासगी’ हाच फरक जो तो सांगतो. मला तो दुय्यम वाटतो आणि त्यावर लेखच्या लेख खर्च झालेले बघून त्रास होतो. क्वीन्सच्या ‘फार रॉकवे’ भागातल्या ओशन बे वसाहतीचं उदाहरण घ्या. तिथली सुमारे १,४०० पब्लिक हाउसिंगची घरं २०१६ च्या अखेरीला दुरुस्ती आणि व्यवस्थापनासाठी खासगी कंपन्यांकडे गेली. चालवणारा बदलला, पण भाडेकरूचं भाडं ठरवायची रीत तीच राहिली. तीच गोष्ट ‘पुअर डोअर’ची. मॅनहॅटनच्या एका चकचकीत इमारतीत अफोर्डेबल घरांसाठी वेगळा दरवाजा ठेवला म्हणून मोठा गदारोळ झाला आणि २०१५ मध्ये अशा दरवाजांवर बंदीही आली. दरवाजा अपमानकारकच होता. पण त्या दरवाजामागच्या ५५ घरांसाठी ८८ हजारांच्या आसपास अर्ज आले होते, आणि त्या घरांचं भाडं कोणत्या हिशोबाने ठरलं होतं हे फारच थोड्यांनी विचारलं.

खरा फरक त्या हिशोबातच आहे. पब्लिक हाउसिंगमध्ये भाडं तुमच्या उत्पन्नाला बांधलेलं असतं. अफोर्डेबल हाउसिंगमध्ये ते उत्पन्न गटाला बांधलेलं असतं.

पब्लिक हाउसिंगमध्ये कुटुंबाच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं पडतं. १९६९ च्या ब्रूक कायदादुरुस्तीने ही मर्यादा आणली तेव्हा ती २५ टक्के होती, १९८० च्या दशकात ३० झाली. नोकरी गेली, कामाचे तास कमी झाले, घरातला कमावता माणूस गेला, तर तुम्ही कळवायचं आणि भाडं खाली येतं. जास्त कमावणाऱ्यांसाठी ठोक भाड्याची वेगळी सोय आहे, तिचा इथे फारसा संबंध नाही.

अफोर्डेबल हाउसिंगमधलेही ३० टक्केच सांगितले जातात, म्हणून लोक फसतात. ते ३० टक्के तुमच्या उत्पन्नाचे नसतात. ते असतात तुमच्या गटाच्या कमाल उत्पन्नाचे. केंद्राचं गृहनिर्माण खातं दरवर्षी प्रत्येक महानगर भागासाठी एक आकडा जाहीर करतं, त्याला एरिया मीडियन इन्कम (त्या भागातलं मध्यम उत्पन्न), थोडक्यात एएमआय म्हणतात. २०२४ मध्ये न्यूयॉर्कसाठी तिघांच्या कुटुंबाचा हा आकडा १,३९,८०० डॉलर होता. ‘६० टक्के एएमआय’चं घर म्हणजे ८३,८८० डॉलरपर्यंत कमावणाऱ्यांसाठी. त्याचे ३० टक्के, भागिले बारा: महिना सुमारे २,१०० डॉलर. वीज-गॅसपोटी थोडं कमी होईल, पण भाड्याची मर्यादा ही. तिथे राहणारीचं उत्पन्न ८० हजार असो की साठ, तिला तेवढंच द्यावं लागतं.

म्हाडाची सोडत ठाऊक असलेल्यांना हे लगेच कळेल. अल्प उत्पन्न गटातल्या एका योजनेत सगळ्यांना घराची किंमत सारखीच असते, तुम्ही गटाच्या वरच्या टोकाला आहात की खालच्या, हे कुणी बघत नाही. म्हाडा घर विकते, इथे ते भाड्याने मिळतं, एवढा फरक सोडला तर गणिताचा सांगाडा तोच. पब्लिक हाउसिंगला मात्र म्हाडाचा चष्मा लावू नका.

या फरकाचा परिणाम माझ्या इमारतीतल्या एका बांगलादेशी शेजारणीच्या अर्जात मी पाहिला. ती घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. दोन मुलं, वर्षाची कमाई ३८ हजारांच्या आसपास. सोडतीत नंबर लागला म्हणून आम्ही दोघींनी कागद जमवले, पगाराच्या चिठ्ठ्या लावल्या. अर्ज बाद झाला. कारण: उत्पन्न अपुरं. या घरांना उत्पन्नाची वरची मर्यादा असते तशी खालचीही असते, कारण तेवढं ठरलेलं भाडं झेपेल याची घरमालकाला खात्री हवी असते. ३० टक्के एएमआयच्या गटात ती बसली असती, पण त्या इमारतीत त्या गटाची घरंच नव्हती. तिच्या कमाईवर पब्लिक हाउसिंगमध्ये महिना ९५० डॉलरच्या आत भाडं बसलं असतं. ‘मी परवडणाऱ्या घरासाठी जास्तच गरीब निघाले का?’ असं तिने मला विचारलं. उत्तर हो असंच होतं आणि ते देताना मला लाज वाटली.

आता एएमआयच्या त्या आकड्याकडे वळू, कारण जेंट्रिफिकेशनचा, म्हणजे पैसेवाले येऊन वस्ती महागते आणि जुने गरीब रहिवासी बाहेर ढकलले जातात त्याचा, धागा तिथे आहे. हा आकडा वस्तीचा नसतो, अख्ख्या महानगराचा असतो, आणि भाडी फार चढलेल्या भागांसाठी खातं तो आणखी वर सरकवतं. ब्राँक्समधल्या कुटुंबांचं मध्यम उत्पन्न त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. मग ब्राँक्समध्ये ८० टक्के एएमआयची इमारत उभी राहिली की ती कागदावर अफोर्डेबल असते आणि त्या रस्त्यावर आधीपासून राहणाऱ्या बहुतेकांना परवडत नाही. पगारदार नवे लोक शहरात येतात, भाडी चढतात, आकडा फुगतो, आणि त्याबरोबर ‘परवडणारं’ भाडंही वर जातं. २०२३ मध्ये तिघांच्या कुटुंबाचा आकडा १,२७,१०० होता, वर्षभरात तो दहा टक्के वाढला. माझ्या शेजारणीचा पगार वाढला नाही.

२०१६ मध्ये महापौर बिल द ब्लाझिओ यांच्या काळात शहराने नियम केला की एखाद्या भागात जास्त उंच बांधायची मुभा मिळाली तर काही घरं अफोर्डेबल ठेवलीच पाहिजेत. पहिली वस्ती होती ईस्ट न्यूयॉर्क, ब्रुकलिनचा गरीब कोपरा. नियमातले पर्याय वाचा: २५ टक्के घरं सरासरी ६० टक्के एएमआयला, किंवा ३० टक्के घरं सरासरी ८० टक्क्यांना. काही भागांसाठी सरासरी ११५ टक्क्यांचाही पर्याय होता. बाकीची घरं बाजारभावाने. ‘परवडणारी, पण कुणाला?’ हे रहिवाशांनी तेव्हाच विचारलं होतं. करसवलतीच्या दुसऱ्या एका योजनेत तर १३० टक्के एएमआयचीही घरं अफोर्डेबल म्हणून मोजली गेली. २०२४ च्या आकड्याने ते उत्पन्न तिघांसाठी १,८१,७४० डॉलर होतं.

अशी घरं बांधूच नयेत असं मी म्हणत नाही. शिक्षिका, बसचालक, नर्स यांनाही या शहरात घर हवंच आहे आणि ६० ते ८० टक्क्यांची घरं त्यांना आधार देतात. माझा आक्षेप मोजणीला आहे. ‘शहरात हजारो अफोर्डेबल घरं’ अशी बातमी देताना कोणत्या टक्क्याची किती, हे न लिहिणारा बातमीदार वाचकाला काहीच सांगत नाही. गरिबांसाठी घरं मोजायची असतील तर मी ५० टक्के एएमआयच्या वरची मोजत नाही. आणि मराठीत लिहिताना ‘परवडणारी घरं’ याऐवजी मी ‘उत्पन्न गटाची घरं’ म्हणते. शब्द रुक्ष आहे, पण त्याने वाचकाची दिशाभूल होत नाही.

दोन्हींच्या मधली एक वाट आहे, सेक्शन ८ व्हाउचरची, जी १९७४ मध्ये सुरू झाली. व्हाउचर असेल तर तुम्ही साधारण आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के भरता आणि उरलेलं सरकार घरमालकाला देतं. व्हाउचरवाल्यांना सोडतीतली उत्पन्नाची खालची मर्यादा लागू होत नाही. म्हणजे अफोर्डेबल इमारतीत पब्लिक हाउसिंगचं गणित आणणारा कागद हाच. नायचाने या व्हाउचरची प्रतीक्षा यादी जवळजवळ १५ वर्षं बंद ठेवली होती. जून २०२४ मध्ये ती थोड्या दिवसांसाठी उघडली तेव्हा सहा लाखांहून जास्त अर्ज आले. त्यातून सोडत काढून दोन लाख जणांना यादीत घेतलं. माझी शेजारीण त्या दोन लाखांत आहे. यादीतला तिचा नंबर तिने फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे.