'डॉक्टर हू': विशेष भाग आणि न आलेले नट

'डॉक्टर हू' या, काळात फिरणाऱ्या एका परग्रहवासी 'डॉक्टर'च्या ब्रिटिश मालिकेचे २०२३चे तीन विशेष भाग बघायचे राहिलेत, आता सवडीने बसायचंय, असं म्हणणारे ओळखीत दोघे-तिघे तरी निघतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: मधलं सगळं पाहिलं नसेल तर कळेल का? गोष्ट कळेल. पण जुना डॉक्टर डेव्हिड टेनंट तेरा वर्षांनी मुख्य भूमिकेत परत कसा, डॉक्टरची सोबतीण डोना हिचा म्हातारा आजोबा विल्फ एवढासाच का दिसतो, आणि एका खेळणीवाल्याला बघून डॉक्टरची पाचावर धारण का बसते, हे जरा मागे गेल्याशिवाय उमगत नाही. मागे गेलं की एक गंमत लक्षात येते. या मालिकेचे विशेष भाग पुष्कळदा कुणीतरी नव्हतं म्हणून तसे झालेत.

२३ नोव्हेंबर १९६३ला बीबीसीवर पहिला भाग लागला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, दिग्दर्शक लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, दोघंही तिशीच्या आतले. तीन वर्षांत पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली, तेव्हा डॉक्टरचं शरीर पालटतं अशी युक्ती निघाली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. मालिका साठ वर्षं टिकली ती या एका पळवाटेवर.

नाताळचा पहिला भाग मात्र निव्वळ योगायोगाने झाला. १९६५मध्ये २५ डिसेंबर शनिवारी आला, आणि शनिवार हा मालिकेचाच वार. डेलेकांची (डॉक्टरचे कट्टर शत्रू) बारा भागांची गंभीर कथा चालू होती. सणाच्या दिवशी कोण बघणार म्हणून मध्येच एक धमाल भाग घातला, आणि शेवटी हार्टनेलनी हातात पेला घेऊन थेट प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या. तो भाग आज बघता येत नाही. बीबीसीने पुढे टेपा पुसून टाकल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असेच गेले. परदेशी विकलेल्या प्रतींमुळे काही परत मिळाले, नायजेरियातून तर २०१३मध्ये एकदम नऊ. हा नाताळचा भाग परदेशी विकायलाच काढला नव्हता.

सगळ्यात मजेदार प्रकरण १९८३चं, 'द फाइव्ह डॉक्टर्स'. विसावा वाढदिवस, पाच डॉक्टर एकत्र आणायचे. हार्टनेल १९७५मध्ये वारले होते, त्यांच्या जागी रिचर्ड हर्नडल उभे राहिले. चौथे डॉक्टर टॉम बेकर, त्यांनी नकार दिला. मग १९७९मध्ये संपामुळे अर्धवट पडलेल्या 'शाडा' नावाच्या कथेतले त्यांचे तुकडे काढले: केंब्रिजच्या नदीत होडीतून निवांत चाललेला डॉक्टर. तो काळाच्या भोवऱ्यात अडकला असं दाखवून मोकळे. जाहिरातीच्या फोटोसाठीही बेकर आले नाहीत, तेव्हा मादाम तुसाँमधला त्यांचा मेणाचा पुतळा आणून बाकीच्यांच्या रांगेत उभा केला. तो फोटो एकदा बघाच. पुतळा बाकीच्यांपेक्षा फार काही ताठ वाटत नाही.

१९८९ला मालिका थांबली, मध्ये १९९६चा एक टीव्ही चित्रपट, आणि २००५मध्ये रसेल टी डेव्हिस यांनी ती परत उभी केली. त्या नाताळात टेनंटचा पहिला पूर्ण भाग, आणि नवा नायक बराचसा वेळ पायजम्यात बेशुद्ध! तिथून २०१७पर्यंत नाताळचा एकही चुकला नाही. २००९मध्ये पूर्ण मालिका नव्हती. त्याआधी टेनंट रंगभूमीवर हॅम्लेट करत होता. म्हणून सुटे भाग आले. त्यातल्या ईस्टरच्या भागासाठी लंडनची लाल डबल-डेकर दुबईला पाठवली, ती बंदरावरच चेपली. दुसरी मागवण्यापेक्षा त्यांनी पटकथाच बदलली आणि गोष्टीतही बस चेपवली.

२०१३ला पन्नाशी झाली तेव्हा २००५चा डॉक्टर क्रिस्टोफर एक्लस्टन आला नाही. त्याच्या नकारातून एक आजवर लपवलेला डॉक्टर जन्माला आला, जॉन हर्टने साकारलेला. भाग ९४ देशांत एकाच वेळी लागला. शेवटच्या प्रसंगात संग्रहालयातला एक म्हातारा भेटायला येतो, तो कोण? १९८३ला न आलेले टॉम बेकर, वय ७९.

आता राहिलेल्या भागांकडे. डोना नोबलच्या मनातली डॉक्टरची आठवण त्यानेच २००८मध्ये पुसली होती, कारण आठवलं तर ती मरेल. तो 'जर्नीज एंड' आधी बघा, मग २००९-१०चा 'द एंड ऑफ टाइम'. ऑक्टोबर २०२२च्या 'द पॉवर ऑफ द डॉक्टर'मध्ये तेव्हाची डॉक्टर जोडी व्हिटेकर पालटते आणि कपड्यांसकट टेनंट उभा राहतो. मग ते तीन: 'द स्टार बीस्ट', जो १९८०च्या चित्रकथेवर बेतलाय, 'वाइल्ड ब्लू यॉन्डर' आणि 'द गिगल'. मधल्याच्या अगदी शेवटी विल्फ भेटतो. बर्नार्ड क्रिबिन्स यांनी तो प्रसंग चित्रित केला आणि जुलै २०२२मध्ये ते गेले. एवढासा का, तर म्हणून.

'द गिगल'मधला टॉयमेकर, म्हणजे तो खेळणीवाला, १९६६च्या कथेतला. तिच्या चारांपैकी तीन भाग हरवलेत. त्या कथेत टॉयमेकर डॉक्टरला अदृश्य करतो, कारण त्या आठवड्यांत हार्टनेल सुटीवर होते.

यानंतर पुढचा डॉक्टर न्कुटी गट्वा, त्याचे नाताळचे दोन भाग आणि दोन छोट्या मालिका. मे २०२५मध्ये त्याने मालिका सोडली आणि त्याच्या जागी बिली पायपर दिसली, जी २००५मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ होती. ऑक्टोबर २०२५ला बीबीसीने डिस्नेबरोबरची भागीदारी संपल्याचं आणि २०२६च्या नाताळचा भाग डेव्हिस लिहिणार असल्याचं जाहीर केलं. पायपरचं नाव श्रेयनामावलीत आलं, पण दर वेळी नव्या नटाच्या नावापुढे येणारे 'डॉक्टरच्या भूमिकेत' हे शब्द तिथे नव्हते.