'ग्रहीय' तेजोमेघाचा ग्रहांशी संबंध नाही

पन्हाळ्यावर दुर्बीण लावली की कुणीतरी हमखास म्हणतंच, "ग्रहीय तेजोमेघ म्हणजे ग्रह तयार होतात तो ढग." नाही हो, नावानं घोळ घातलाय! विल्यम हर्शेलनं १७८१ मध्ये युरेनस शोधला. पुढे त्याला हे ढग तसेच गोल, फिकट दिसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं तर सूर्यासारखा तारा म्हातारपणी बाहेरचे थर सोडून देतो, तो हा वायू. अभिजित ताऱ्याजवळचा कंकण तेजोमेघ बघा: करड्या धुराचं इवलंसं कडं (फोटोतले रंग विसरा). दहा-वीस हजार वर्षांत हा ढग विरतो, मागे श्वेतबटू, म्हणजे ताऱ्याचा छोटा, घट्ट गाभा उरतो.

ग्रहांची तयारी बघायचीय? मृगातल्या तेजोमेघात, सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर, नवजात ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्या हबल अवकाश दुर्बिणीनं टिपल्यात.