विद्यापीठाचे पेटंट कंपनीकडे जाते तेव्हा: मालकी हस्तांतरण आणि अनन्य परवाना

समजा, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठाच्या एखाद्या प्रयोगशाळेने खारफुटीच्या चिखलातील जिवाणूंपासून विकर मिळवण्याची नवी प्रक्रिया शोधली, तिला पेटंट मिळाले आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीशी करार झाला, तर पेटंट विकले गेले अशीच बहुतेकांची समजूत होईल. प्रत्यक्षात असा करार पुष्कळदा विक्रीचा नसून अनन्य परवान्याचा असतो.

मालकी हस्तांतरणात पेटंट नोंदवहीत विद्यापीठाच्या जागी कंपनीचे नाव लागते. पुढे ते विकायचे, इतरांना वापरू द्यायचे की नुसते दाबून ठेवायचे, हे कंपनी ठरवते. अनन्य परवान्यात मालक विद्यापीठच राहते, परंतु 1970 च्या पेटंट कायद्यातील व्याख्येनुसार परवानाधारकाला दिलेल्या हक्कातून इतर सर्वजण, खुद्द पेटंटधारकसुद्धा, वगळले जातात. शिवाय कलम 109 नुसार असा परवानाधारक उल्लंघनाविरुद्ध स्वतः दावा लावू शकतो, आणि विद्यापीठ वादी म्हणून सामील झाले नाही तर त्याला प्रतिवादी करावे लागते. इतके हक्क असलेला परवानाधारक बाहेरून मालकच वाटतो, यात नवल नाही.

गोव्यातील वाचकाला येथे भाटकार, म्हणजे जमीनमालक, आणि कूळ आठवतील, पण कूळ कायद्याच्या 1976 च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले, तसे परवानाधारकाचे होत नाही. अर्जापासून 20 वर्षांची मुदत संपली की प्रक्रिया सर्वांनाच खुली होते.

खरा फरक कंपनी स्वस्थ बसली की कळतो. ठरलेल्या मुदतीत उत्पादन न झाल्यास परवाना रद्द होईल, अशी अट विद्यापीठ घालू शकते; विकलेले पेटंट मात्र सहसा परत येत नाही. म्हणून सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनासाठी परवानाच बरा, असे माझे मत आहे. दोन्ही करार कलम 68 नुसार लेखी असावे लागतात.

अर्थात, विद्यापीठाकडे मुळात मालकी असली पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका संशोधकाने विद्यापीठाला हक्क देण्याचे केवळ मान्य केले होते, तर सीटस कंपनीला ते थेट लिहून दिले होते. पुढे सीटसचे हक्क रोश कंपनीकडे आले आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात स्टॅनफर्ड हरले. त्यामुळे वाटाघाटीला बसण्यापूर्वी प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी यांच्याकडून विद्यापीठाने लेखी हस्तांतरण घेतले आहे का, हे कंपनीचा सावध वकील आधी तपासतो.