सप्रयोग व्याख्यान

विज्ञान-तंत्रज्ञानातील नवी कल्पना जाहीर सभेत मांडून तिथल्या तिथे उपकरण चालवून दाखवण्याची पद्धत. भाषण ओसरले की शब्द विसरतात, पाहिलेले सहसा विसरत नाही. या पद्धतीचे बळ एवढ्यातच आहे.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधली नाताळची व्याख्याने १८२५ मध्ये सुरू झाली. तिथे मायकेल फॅरेडे यांनी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये तारेविना विद्युतलहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दीड तासाच्या प्रात्यक्षिकात माउस प्रथमच लोकांसमोर आणला. रिचर्ड फाइनमन यांचे १९५९ मधले सूक्ष्मयंत्रांवरील भाषण मात्र उपकरणाविना झाले. प्रयोगाची जागा तिथे पैजेने घेतली: इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढी मोटर करणाऱ्यास हजार डॉलर. पुढच्याच वर्षी विल्यम मॅक्लेलन यांनी ती करून आणली, तीही नेहमीच्याच हत्यारांनी. नवे तंत्र जन्माला येईल या आशेवर असलेले फाइनमन त्यामुळे थोडे हिरमुसले.

बडोद्यात (वडोदरा) ही वृत्ती सभागृहापेक्षा कार्यशाळेत अधिक रुजली. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. पहिले प्राचार्य रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. विणकाम, रंगाई, यंत्रकाम, चित्रकला हे विषय देशी भाषेतून शिकवायचे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी पारिभाषिक शब्दांच्या कोशाचेही काम हाती घेतले. कोशाचा हा खटाटोप गौण मानला जातो, पण तसे मानणे बरोबर नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या क्रियेला आपल्या भाषेत नाव नसेल, तर कारागीर ती घरी जाऊन सांगणार कशी? चापेकरांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला फासलेले डांबर काढणारे ते हेच गज्जर. भर रस्त्यावरचे ते रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिकच म्हणायचे, फक्त व्याख्यान तेवढे नव्हते.

कलाभवनात शिकलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी ही पद्धत भांडवल उभारायला वापरली. चित्रपट काढतो, असे नुसते सांगून पैसे कोण देणार? १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोपाची वाढ एकेक चित्र टिपत चित्रित केली आणि ती पडद्यावर भराभर उगवताना निवडक लोकांना दाखवली. ‘अंकुराची वाढ’ या चित्रफितीमुळे कर्ज मिळाले व १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

बडोदे संस्थानाने पुढे हीच गोष्ट ग्रंथालयांच्या कामाला जोडली. १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले गेले. पुस्तके लाकडी पेट्यांतून गावोगाव जात. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी दृश्यशिक्षणाची वेगळी शाखा होती. ती जादूच्या कंदिलाची (काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राची) चित्रे आणि चलच्चित्रे दाखवी.

कलाभवन १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात आले. आज ते तिथले तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणून चालते.