एसईओचा अतिरेक

एसईओचा अतिरेक : शोधनिकालांत वरचा क्रमांक मिळावा म्हणून वेबसाइटवरचा मजकूर, शीर्षके, दुवे आणि रचना यांत इतके फेरफार करणे, की पान वाचणाऱ्याच्या कामाचे उरत नाही आणि पुढे सर्च इंजिनचाही त्यावरचा विश्वास उडतो. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजेच एसईओ, हे मुळात उपयुक्त काम आहे. पानाला नेमके शीर्षक देणे, ते मोबाइलवर पटकन उघडेल असे पाहणे, पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर आलेल्या वाचकाला नव्या पानावर पोचवणे यात गैर काहीच नाही. गूगल स्वतःच त्यासाठी नवशिक्यांची मार्गदर्शिका प्रसिद्ध करते. अतिरेक नेमका कुठे सुरू होतो, हे मात्र आकड्यांत कुणी सांगितलेले नाही. अमुक शब्द पानावर इतके टक्के असलाच पाहिजे, असे ठोकताळे या धंद्यात सर्रास ऐकू येतात. त्यांना गूगलने कधी दुजोरा दिलेला नाही.

पान चांगले की वाईट हे सर्च इंजिनला थेट कळत नाही. ते खुणांवरून अंदाज बांधते, आणि खुणा बनावट तयार करता येतात. 1990च्या दशकात अल्टाव्हिस्टासारखी इंजिने मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. तेव्हा पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याची युक्ती निघाली. पानाच्या कोडमध्ये कीवर्ड, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, लिहायला स्वतंत्र जागा असे. तिचा इतका गैरवापर झाला, की वेब रँकिंगसाठी आपण ती जागा पाहतच नाही, असे गूगलने 2009 मध्ये उघडपणे सांगितले. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी विकसित केलेल्या पेजरँकने वेगळी खूण धरली : दुसऱ्या किती पानांनी, आणि कोणत्या पानांनी, या पानाचा दुवा दिला आहे. दुवा ही शिफारस मानली गेली आणि काही वर्षांतच शिफारशी विकत मिळू लागल्या. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना म्हटले होते, की आकडेवारीत दिसणारा एखादा नियम नियंत्रणासाठी वापरायला घेतला, की त्या दबावाखाली तो मोडू लागतो. एसईओमध्ये हे पुन्हापुन्हा घडले आहे. वाचकासाठी केलेल्या कामातून आपोआप उमटलेली खूण साइटच्या बाजूने साक्ष देते. तीच घाऊक प्रमाणात तयार केली की साइटच्या विरोधातला पुरावा ठरते. अतिरेकाचे बहुतेक धोके इथून निघतात.

मोठ्या कंपन्याही यातून सुटल्या नाहीत. फेब्रुवारी 2006 मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट निकालांतून काढून टाकली. ‘वापरलेली गाडी’ या अर्थाचा जर्मन शब्द ठासून भरलेली पाने सर्च इंजिनसाठी ठेवलेली होती, आणि माणूस तिथे आला की पानातला जावास्क्रिप्ट कोड त्याला दुसऱ्याच पानावर नेत असे. अशा पानांना डोअरवे पेज म्हणतात. ती काढून टाकल्यावर काही दिवसांत साइट परत आली.

जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण जास्त बारकाईने पाहण्याजोगे आहे. 2010च्या सणासुदीच्या हंगामात ‘ड्रेसेस’, ‘बेडिंग’, ‘एरिया रग्ज’ अशा साध्या शब्दांसाठी ही कंपनी गूगलवर सतत पहिली येत होती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी 2011 मध्ये त्यामागचे कारण छापले. कपड्यांशी संबंधित शब्दांवर बेतलेले दुवे दोन हजारांहून जास्त पानांवर पेरलेले आढळले, आणि ती पाने होती आजारांविषयी, कॅमेऱ्यांविषयी, घोरण्याविषयी, मासेमारीविषयी, दंतवैद्यांविषयी. कुठल्याही माणसाने त्या पानांवर ड्रेसची शिफारस वाचून खरेदी केली असेल, असे म्हणता येत नाही. गूगलने कारवाई केली त्या संध्याकाळी सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांच्या शोधात पेनी सात वाजता पहिल्या क्रमांकावर होती आणि नऊ वाजता एकाहत्तराव्या. वृत्तपत्राने तपासलेल्या 59 शब्दांसाठी तिचा सरासरी क्रमांक 1 फेब्रुवारीला 1.3 होता, 10 फेब्रुवारीला तो 52 झाला. हे दुवे आपल्या संमतीने लावलेले नाहीत, असे कंपनीने सांगितले आणि एसईओचे काम करणाऱ्या संस्थेशी संबंध तोडले.

इथे धोक्याचे स्वरूप स्पष्ट दिसते. पेनीच्या दुकानांत कपडे खरेच मिळत होते, गिऱ्हाईक खरे होते, काही शब्दांसाठी तरी ती आपल्या बळावर पहिल्या पानावर आलीच असती. बनावट दुव्यांमुळे खरे काय आणि पेरलेले काय हे वेगळे करता येईना, आणि दंड सगळ्यालाच झाला. दुसरी गोष्ट, काम बाहेर दिले तरी दंड मालकाच्याच साइटला बसतो. पुण्या-नाशिकात दवाखाना, क्लासेस किंवा इंटिरिअरचे दुकान चालवणाऱ्याला ‘गॅरंटीने पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणारे फोन येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असे गूगलचे स्वतःचे म्हणणे आहे. महिन्याच्या कंत्राटावर काम करणारा चार-सहा महिन्यांनी निघून जातो. त्याने लावलेले दुवे मात्र वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि पासवर्डसुद्धा मालकाकडे नसतो.

पेनीचे प्रकरण गाजले त्याच महिन्यात, फेब्रुवारी 2011 मध्ये, गूगलने रँकिंगच्या पद्धतीत ‘पांडा’ हा बदल आणला. त्याचे नाव नवनीत पांडा या अभियंत्यावरून पडले. अमेरिकेतल्या जवळजवळ 12 टक्के शोधांवर त्याचा ठळक परिणाम झाला आणि लोक काय शोधतात ते पाहून रोज हजारो उथळ लेख पाडणाऱ्या साइट खाली गेल्या. मार्च 2012 मध्ये ऑस्टिन इथल्या परिषदेत गूगलच्या स्पॅमविरोधी गटाचे प्रमुख मॅट कट्स यांनी अतिऑप्टिमायझेशन करणाऱ्यांना आवर घालण्याचे काम चालू असल्याचे सांगितले. 24 एप्रिलला ‘पेंग्विन’ हा पुढचा बदल लागू झाला. इंग्रजीतल्या सुमारे 3 टक्के शोधांना त्याने हात लावला.

पेंग्विनचा रोख मुख्यतः दुव्यांवर होता, विशेषतः दुव्याच्या दिसणाऱ्या शब्दांवर. लोक आपणहून दुवा देतात तेव्हा त्यात दुकानाचे नाव येते, नुसता पत्ता येतो, ‘इथे पाहा’ येते, कधी नाव चुकीचेही लिहिलेले असते. एखाद्या दंतवैद्याकडे येणारे बहुसंख्य दुवे ‘पुण्यातील सर्वोत्तम दंतवैद्य’ याच शब्दांचे असतील, तर ते एकाच हाताने लिहिले आहेत हे सांगायला फार हुशार यंत्र लागत नाही.

पेंग्विनने केलेले नुकसान बराच काळ भरून निघाले नाही, आणि या विषयावरच्या लेखनात त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. तो अधूनमधून चालवला जाई. ज्यांनी चूक सुधारली त्यांना पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागे. ऑक्टोबर 2014 नंतरची मोठी फेरी थेट सप्टेंबर 2016 मध्ये आली, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. दुवे काढायला सांगितले तर उलट पैसे मागणारे साइटमालकही भेटत. ऑक्टोबर 2012 मध्ये गूगलने नको असलेले दुवे नाकारण्याचे साधन दिले, पण त्याचाही अतिरेक झाला : घाबरून लोकांनी चांगले दुवेही नाकारून टाकले. छोट्या व्यवसायाला इतके दिवस गिऱ्हाईक नसणे परवडत नाही. मोठ्या कंपनीसाठी जे एका तिमाहीचे दुखणे होते, ते अनेक लहान दुकानांसाठी धंदा बंद पडण्याचे कारण ठरू शकत होते, आणि यातला अन्याय खरा आहे. 2016च्या बदलापासून पेंग्विन सतत चालू असतो आणि बनावट दुव्यांबद्दल साइटला खाली ढकलण्यापेक्षा ते दुवे हिशेबातून वगळण्याकडे त्याचा कल आहे.

दुव्यांपलीकडचा अतिरेक पानाच्या आत असतो. चित्रासाठी लिहायचा पर्यायी मजकूर हा अंध वाचकांसाठी आहे. स्क्रीन रीडर तो मोठ्याने वाचतो. ‘नाशिकच्या बागेतील द्राक्षांचे घड’ एवढे पुरे असते. तिथे ‘नाशिक द्राक्षे, स्वस्त द्राक्षे, द्राक्षे ऑनलाइन, द्राक्षे होलसेल नाशिक’ असे भरले, की पानावरच्या वीस चित्रांसाठी ते वीसदा ऐकावे लागते. क्रमांकासाठी दुसऱ्याच्या सोयीची जागा बळकावण्याचे हे सर्वांत निलाजरे उदाहरण होय. ‘वाकडमध्ये प्लंबर’, ‘बाणेरमध्ये प्लंबर’, ‘औंधमध्ये प्लंबर’ अशी फक्त गावाचे नाव बदललेली पाने हाही डोअरवे पेजचाच प्रकार. एकाच विषयावर दहा पाने असली तर ती आपापसातच स्पर्धा करतात आणि कोणते दाखवायचे हे यंत्राला ठरवता येत नाही.

कधी कधी नियमात बसणारी सोयही सगळ्यांनी ओरबाडल्यामुळे जाते. निकालातच प्रश्नोत्तरे दिसावीत म्हणून पानाच्या कोडमध्ये खास खुणा करता येत. लवकरच ज्या पानांना प्रश्नोत्तरांची गरजच नव्हती त्यांवरही ‘बेडशीट म्हणजे काय?’ छापाचे प्रश्न आले. ऑगस्ट 2023 मध्ये गूगलने ही मांडणी सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटपुरती मर्यादित केली. ज्यांनी खरोखर विचारले जाणारे प्रश्न नीट मांडले होते, त्यांचीही सोय त्याबरोबर गेली.

त्याच महिन्यात सीनेट या तंत्रज्ञानविषयक साइटने शोधनिकालांतली कामगिरी सुधारण्यासाठी आपले हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी आली. जुना मजकूर गूगलला आवडत नाही म्हणून तो पुसू नका, असे गूगलने त्याच वेळी जाहीरपणे सांगितले. सीनेट 1990च्या दशकापासूनची साइट आहे. कोणता फोन, कोणता संगणक कधी आला आणि तेव्हा लोकांना त्याबद्दल काय वाटले याची ती नोंद होती. रँकिंगच्या तर्काने अशा संग्रहाला हात घालणे हे क्रमांक घसरण्यापेक्षा फार मोठे नुकसान आहे, कारण घसरलेला क्रमांक निदान परत मिळवता येतो.

ऑगस्ट 2022 मध्ये गूगलने ‘उपयुक्त मजकूर’ नावाची यंत्रणा आणली. मुख्यतः सर्च इंजिनसाठी लिहिलेला मजकूर साइटवर जास्त असेल, तर या यंत्रणेचा परिणाम त्याच साइटवरच्या चांगल्या पानांवरही होऊ शके. मार्च 2024 मध्ये ती मुख्य रँकिंग यंत्रणेत मिसळली गेली आणि तीन नवे स्पॅमनियम आले : घाऊक प्रमाणात तयार केलेला मजकूर, मुदत संपलेली डोमेन, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, विकत घेऊन त्यांच्या जुन्या पुण्याईवर चालवणे, आणि नामांकित साइटच्या आडोशाला तिऱ्हाइताची पाने ठेवणे. मजकूर माणसाने लिहिला की कृत्रिम बुद्धिमत्तेने, यावर पहिला नियम अवलंबून नाही. तो प्रमाण आणि हेतू पाहतो.

मराठीत या अतिरेकाला स्वतःचे वळण आहे. देवनागरीत शोधले तर हिंदी निकाल पुढे येतात, म्हणून वाचक शोधताना ‘मराठी’ हा शब्द जोडतो. अनेक जण रोमन अक्षरांतही टाइप करतात. हे ओळखून लिहिणारे शीर्षकात दोन्ही लिप्या कोंबतात आणि मग मजकूर असा सुरू होतो : ‘शिवनेरी किल्ला माहिती मराठी या लेखात आपण शिवनेरी किल्ल्याची माहिती मराठीमध्ये पाहणार आहोत. शिवनेरी किल्ला माहिती मराठी हवी असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.’ जुन्नरहून गडाकडे कसे जायचे, साखळीची वाट कुणी टाळावी, वर पाणी मिळते का, हे शोधत आलेल्या वाचकाला चार परिच्छेद उलटावे लागतात, आणि पुष्कळदा ते शेवटपर्यंत सापडतच नाही. असे वाक्य मराठीत कुणी बोलत नाही. ते शोधपेटीतले शब्द आहेत, विभक्तीसुद्धा न लावता उचललेले. सरकारी योजनांच्या बाबतीत हे जास्त घातक ठरते. ‘लाडकी बहीण’सारख्या योजनेचा हप्ता कधी येणार, या प्रश्नावर दर आठवड्याला नवी तारीख टाकून तोच मजकूर पुन्हा प्रसिद्ध होतो, आणि अधिकृत संकेतस्थळ शोधणारी बाई जाहिरातींनी भरलेल्या पानावर पोचते.

मराठीत चांगली पाने मुळातच कमी, म्हणून यंत्राने अनुवाद करून शेकडो पाने ओतणे इथे सोपे जाते. वाचकाच्या फारशा उपयोगाचा नसलेला असा घाऊक अनुवाद गूगलच्या स्पॅमनियमांत मोडतो. पण कारवाई होईपर्यंत स्वतः गड हिंडून, छायाचित्रे काढून लिहिणाऱ्याचे पान निकालांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर पडून राहते, आणि मराठी वाचकाच्या वाट्याला सारखेच दिसणारे दहा लेख येतात.

दंड दोन प्रकारांनी होतो. माणसाने तपासून केलेल्या कारवाईची सूचना सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात येते; दोष दूर करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. अल्गोरिदममुळे, म्हणजे क्रमांक ठरवणाऱ्या स्वयंचलित नियमांमुळे, झालेली घसरण मात्र सूचनेशिवाय होते, तिच्यासाठी अर्ज करायची सोय नाही आणि सुधारणा दिसायला कित्येक महिने लागू शकतात. अशा साइटवर दुरुस्ती करताना आधी विकत घेतलेले दुवे थांबवतात. मग एकाच विषयावरची पाने एकत्र करून जुन्या पत्त्यांवरून कायमचे वळण देतात, आणि प्रत्येक पानाचा पहिला परिच्छेद नव्याने लिहितात, त्यात वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येईल असा.