हाताला काम, पण मध्ये कोण?

जिल्ह्यातल्या प्रशिक्षणाचा आराखडा करणाऱ्या जिल्हा कौशल्य समितीची बैठक झाली की पेपरात चार ओळींची बातमी येते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, आयटीआयचे प्राचार्य, एमआयडीसीतले एक-दोन कारखानदार आणि वर फोटो. पान उलटायला वेळ लागत नाही. पण कामगार, मालक आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवायचा खटाटोप आपल्याकडे जुनाच आहे.

आपल्याकडे म्हणजे जुन्या साताऱ्यात. १९४९ मध्ये त्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं. इथला कारागीर तयार व्हायचा तो कामावरच. औंध संस्थानात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथे कारखाना हीच शाळा. विटा-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणारी मंडळी तर कुणाच्या प्रमाणपत्राची वाट बघत बसली नाहीत. पोरगं मामाबरोबर थेट केरळ-तमिळनाडूत जायचं, भट्टीपुढे बसायचं आणि मुशीत सोनं वितळताना बघत बघत शिकायचं. नाती हाच त्यांचा रोजगार मेळावा.

सरकार मध्ये आलं ते १९४५ मध्ये. महायुद्धातून मोकळ्या होणाऱ्या जवानांना काम लावून देण्यासाठी रोजगार यंत्रणा उभी राहिली. अपशिंगे मिलिटरीसारखं घराघरांतून जवान देणारं गाव असलेल्या जिल्ह्याला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९५९ च्या कायद्यानं रिकाम्या जागा या यंत्रणेच्या सेवायोजन कार्यालयाला कळवणं मालकांना बंधनकारक केलं. मेख अशी, की जागा कळवायची सक्ती, माणूस तिथूनच घ्यायची नाही. मग घरोघरी ट्रंकेत सेवायोजन कार्यालयाचं नोंदणी कार्ड राहिलं, नूतनीकरणाच्या तारखांवर तारखा पडलेलं. मुलाखतीचा ‘कॉल’ काही येत नव्हता.

खरी घडामोड १९६९ ची, आणि तीही दोन ठिकाणी. विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीचा प्रयोग त्यांच्या तासगाव तालुक्यात झाला. ७२ च्या दुष्काळानं तो राज्यभर नेला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर त्याच योजनेच्या खर्चासाठी सुरू झाला, हे पगाराची स्लिप बघताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरं ठिकाण मुंबई, पण माणसं साताऱ्याच्या पाटण-जावळीची. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी पाठीवर पोती वाहणाऱ्यांची संघटना बांधली आणि त्याच वर्षी माथाडी कायदा आला. त्यातल्या मंडळाची रचना मला आजही सगळ्यांत हुशार वाटते. मालक, कामगार आणि सरकार, तिघांचे प्रतिनिधी एकत्र. टोळीची नोंद मंडळाकडे. मालक मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरतो, मंडळ हमालाला पगार देतं आणि लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी भागवतं. आज एका गाळ्यावर, उद्या दुसऱ्या गाळ्यावर पोती उतरवणाऱ्या माणसालाही त्यामुळे महिन्याचा हिशोब मिळाला. हल्ली या कायद्याच्या नावाखाली खंडणीच्या तक्रारी होतात, त्यातल्या काही खऱ्याही आहेत. पण रचना वाईट नव्हती.

अमेरिकेत प्रादेशिक मनुष्यबळ मंडळं असतात. २०१४ च्या कायद्यानुसार त्यांत बहुमत उद्योगांच्या प्रतिनिधींचं लागतं. त्या भागात कोणती माणसं लागणार हे ठरवायचं आणि प्रशिक्षणाचा सरकारी पैसा तिकडे वळवायचा, हे त्यांचं काम.

आपल्याकडे २०१५ नंतर सेवायोजन कार्यालयाच्या पाटीवर कौशल्य विकास आलं. २०१८ पासून केंद्राच्या ‘संकल्प’ योजनेनं जिल्हा समित्यांना आराखडे करायला लावले. २०२४ मध्ये राज्यानं कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना, आधी सहा महिन्यांसाठी, नंतर अकरा. हे विद्यावेतन सरकार देतं. पण जिल्हा कौशल्य समितीत अध्यक्ष जिल्हाधिकारीच, आणि कारखानदार अजून पाहुण्याच्या खुर्चीत.