कंपनीचा स्टिरिओ काढला की गाडी गप्प का होते?

मोटारीतला रेडिओ मुळात बाहेरूनच आलेला. शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने जो रेडिओ विकायला काढला, तो कोणत्याही मोटार कंपनीचा नव्हता. घेतलेल्या गाडीत तो नंतर बसवून घ्यायचा. युरोपात ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये आणलेला संच इतका अवजड होता की डॅशबोर्डवर त्याला जागाच नव्हती. स्टेअरिंगच्या दांड्यावर लावलेल्या रिमोटने तो चालवावा लागे. स्टेअरिंगजवळून आवाज कमीजास्त करायची कल्पना आपल्याला वाटते त्याहून बरीच जुनी आहे.

पुढे मोटार कंपन्या स्वतःच रेडिओ देऊ लागल्या. तरी गाडीचा आणि त्याचा संबंध वीज, अँटेना आणि स्पीकर एवढ्यापुरताच राहिला. जुना काढा, नवा बसवा, बाकी गाडीला पत्ताही लागत नसे. १९८४ मध्ये ‘डिन’ या जर्मन मानकाचंच रूप असलेलं आयएसओ ७७३६ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि डॅशबोर्डमधल्या खाचेचं माप ठरलं: १८२ मिलिमीटर रुंद, ५३ मिलिमीटर उंच. हेच आपलं सिंगल डिन. डबल डिन त्याच्या साधारण दुप्पट उंच. तारांच्या कपलरसाठी, म्हणजे तारा एकत्र जोडणाऱ्या प्लगसाठीही पुढे आयएसओ मानक आलं, पण जपानी कंपन्यांनी आपापले कपलर सोडले नाहीत. मारुतीच्या मालकाला आजही सुझुकीचाच कपलर मागावा लागतो तो त्यामुळे.

भारतात हा साधेपणा जास्त टिकला, कारण गाडीत काही मिळतच नसे. पद्मिनी, ॲम्बेसेडर, पहिल्या मारुती ८०० घेणारा माणूस कॅसेट प्लेअर बाजारातून आणायचा, मुंबईत असला तर लॅमिंग्टन रोड धुंडाळायचा, आणि इलेक्ट्रिशियन तारा सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून काम उरकायचा. तारा कापायची सवय या धंद्याला तेव्हापासूनची. पुढे तीच महागात पडली.

पेच सुरू झाला तो स्टेअरिंगवर बटणं आल्यावर. १९८०च्या दशकात अमेरिकेत पॉन्टिॲकच्या गाड्यांत ती दिसू लागली. त्यांची रचना मोठी हुशारीची आहे. प्रत्येक बटणामागे विजेला कमीजास्त अडथळा करणारा वेगळा रेझिस्टर असतो आणि सगळी बटणं एकाच तारेवर जोडलेली असतात. बटण दाबलं की त्या तारेवरचं व्होल्टेज बदलतं, आणि तेवढ्यावरून रेडिओ ओळखतो की आवाज वाढवायचा आहे की गाणं बदलायचं आहे. पण कुठलं व्होल्टेज म्हणजे काय हे फक्त कंपनीच्या रेडिओला माहीत. बाजारातला रेडिओ लावला की बटणं मुकी.

यावर तोडगा म्हणून अमेरिकेतल्या पॅक, मेट्रा यांसारख्या कंपन्यांनी बटणांचा इशारा नव्या रेडिओला समजावणाऱ्या छोट्या डब्या काढल्या. सुरुवातीच्या काही डब्या नव्या रेडिओच्या रिमोटची नक्कल करत: एक इन्फ्रारेड दिवा रेडिओच्या डोळ्यासमोर चिकटवायचा, बटण दाबलं की डबी त्यातून रिमोटचा इशारा पाठवायची. ओबडधोबड उपाय, पण चालायचा. नंतर रेडिओ कंपन्यांनी मागच्या बाजूला खास जॅक दिले आणि हा खटाटोप संपला.

त्याच काळात डॅशबोर्डचा आकारही बदलत होता. १९९६च्या फोर्ड टॉरसमध्ये रेडिओ आणि एसीची बटणं एकाच लंबगोल पट्टीत बसवली होती. त्यात चौकोनी रेडिओ घालायचा तर अख्खी पट्टी बदलणारं किट लागे. हे ग्राहकाला बांधून ठेवायला केलं असं तेव्हापासून बोललं जातं. मला ते अर्धंच पटतं. चोरीचा धाक खरा होता, आणि असा जखडलेला रेडिओ काढून नेणं अवघड. न्यूयॉर्कमध्ये लोक काचेवर ‘गाडीत रेडिओ नाही’ अशा पाट्या लावत. आणि खर्च वाचवण्याचा मोह त्याहून मोठा होता.

तो मोह जनरल मोटर्सच्या २००० नंतरच्या गाड्यांत स्पष्ट दिसतो. सीटबेल्ट लावला नाही, दिवे चालू राहिले, इंडिकेटर विसरला, या सगळ्यांच्या सूचनांसाठी वेगळा बझर कशाला? स्पीकर आहेतच, रेडिओच वाजवेल. रेडिओ काढला की त्या सूचनाही गेल्या. आता डबीला स्वतःचा स्पीकर लागला, आणि गाडीच्या जाळ्यावरचे संदेश वाचणंही आलं.

ते जाळं म्हणजे कॅन बस. बॉशने १९८३ मध्ये त्यावर काम सुरू केलं, १९८६ मध्ये डेट्रॉइटला ते जाहीर झालं. पीळ घातलेल्या दोन तारांवरून इंजिन, दरवाजे, मीटर, एसी सगळे एकमेकांना संदेश पाठवतात. तारांचं ओझं घटलं, पण रेडिओ गाडीचा अवयव झाला. किल्ली फिरवल्यावर बारा व्होल्ट देणारी ॲक्सेसरीची तारच अनेक गाड्यांत उरली नाही. ‘किल्ली फिरली’ हा आता नुसता एक संदेश असतो. त्यामुळे आजची डबी संदेश ऐकते आणि नव्या रेडिओसाठी ॲक्सेसरी, रिव्हर्स, दिवे, वेग या एकेका गोष्टीची साधी तार स्वतः तयार करते. चिनी अँड्रॉइड स्टिरिओसोबत येणारा ‘कॅनबस बॉक्स’ हेच करतो. सेटिंगमध्ये गाडीचं मॉडेल चुकीचं निवडलं की बटणं, कॅमेरा, दरवाजे उघडे असल्याची सूचना यांतलं काही ना काही बंद पडतं. बॉक्स बिघडला असं गिऱ्हाईक म्हणतं. बहुतेक वेळा तो फक्त दुसऱ्याच गाडीची भाषा बोलत असतो.

यानंतर कायदा आला. अमेरिकेत १ मे २०१८ पासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात मागचं दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला, आणि त्याचं चित्र बहुतेक वेळा स्टिरिओच्या पडद्यावरच दिसतं. तिथे दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्याने सक्तीची सुरक्षा सोय निकामी करणं बेकायदा आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर, वेगाची सूचना आणि सीटबेल्टची आठवण सक्तीची झाली. काही मॉडेलांत सेन्सरने मोजलेलं अंतर स्टिरिओच्याच पडद्यावर उमटतं. तिथे स्वस्त स्टिरिओ लावताना नेमकं काय जातं हे आधी विचारून घेतलेलं बरं.

बाहेर काम करून तारा कापल्या तर वॉरंटी जाईल, ही भीती याच्याच जोडीने वाढली. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. प्रकरण सुट्या भागांचं आणि स्वतंत्र गॅरेजांचं होतं; बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. दरम्यान बाजाराने आपली वाट काढली: वायर कापायचीच नाही, गाडीच्या कपलरला जुळणारा कपलर लावायचा. ‘नो वायर कट’ ही आज दुकानांची जाहिरात आहे.

दुसरी वाट म्हणजे स्टिरिओला हातच न लावणं. जेएल ऑडिओच्या क्लीनस्वीपसारखी यंत्रं कंपनीच्या रेडिओचा आवाज घेऊन, त्यात मुद्दाम केलेली चढउतार सपाट करून, नव्या ॲम्प्लिफायरला देतात. गाडीला काहीच कळत नाही, सूचनांचा टिणटिणाट (चाइम) वाजत राहतो.

२०१४ नंतर फोन गाडीच्या पडद्यावर आणणारं ॲपल कारप्ले आणि पाठोपाठ अँड्रॉइड ऑटो आलं, आणि स्टिरिओ बदलायचं मोठं कारणच उरलं नाही. नकाशा आणि गाणी फोनवरून येतात. ज्यांच्या गाडीत ते वायरनेच चालतं, ते आता यूएसबीत एक डोंगल खोचून ते वायरलेस करून घेतात. ज्या नव्या गाड्यांत एसीसुद्धा पडद्यावरून चालतो, तिथे दुकानदार स्पीकर, सबवूफर आणि डॅशकॅम विकतो, स्टिरिओचं नावही काढत नाही.